उजवीकडून सुरू होणारे अक्षर

फलकावर, भिंतीवर किंवा वाहनाच्या पाठीवर अक्षरे रंगवून देणाऱ्या कारागिराला मराठी मुलखात ‘पेंटर’ म्हणतात, आणि कोल्हापुरात ही व्यवसायाची उपाधी आडनावाची जागा घेण्याइतकी रुजलेली आहे. मेस्त्री घराण्यात जन्मलेले आणि पुढे ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटामुळे चित्रपटाच्या इतिहासात गेलेले बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात जिच्या चित्रविचाराचा परिचय करून द्यायचा आहे ती विद्यार्थिनी त्याच गावातील, परंतु कोणत्याही इतिहासात नोंद नसलेल्या एका पेंटरची मुलगी असून कलामहाविद्यालयात रंगचित्रणाच्या शेवटच्या वर्षात शिकते. आणि हे लेखनही तिचेच आहे.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या चित्रमालिकेसोबत ‘कलानिवेदन’ जोडावे अशी पद्धत आहे. कलानिवेदन म्हणजे आपण काय करतो, कशाने करतो आणि का करतो याचा कलावंताने स्वतः दिलेला लेखी खुलासा. अशा खुलाशांत ‘अस्तित्व’, ‘अवकाश’ आणि ‘प्रवास’ हे तीन शब्द इतक्या सढळ हाताने पेरलेले असतात की, नावे झाकली तर एकाचे निवेदन दुसऱ्याच्या चित्राखाली सहज खपून जावे. तृतीयपुरुषी लेखनाने हा दोष आपोआप टळतो असे मुळीच नाही. मात्र स्वतःला ‘ती’ म्हटले की थोडे लांब उभे राहावे लागते, आणि लांबून तपासणे ही तर फलक रंगवणाऱ्याची जुनी सवय आहे. चार अक्षरे झाली की पेंटर शिडीवरून उतरतो, रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि तेथून ओळ पाहतो.

या विद्यार्थिनीचे खरे प्राथमिक शिक्षण वडिलांच्या दुकानात झाले. दुकान म्हणजे दहा फुटांचा गाळा, ज्यात वाहनांच्या नंबरप्लेटा, दूध संस्थांचे फलक, तालीम मंडळांची नावे आणि गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रॉल्यांच्या फाळक्या अशी कामे येत असत. कामाचा क्रम ठरलेला होता. पत्र्यावर आधी अस्तराचा हात द्यायचा, तो वाळला की रंगाची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून टिचकी मारायची, म्हणजे पत्र्यावर सरळ रेघ उमटते. याला ‘सूत मारणे’ म्हणतात. मग खडूने अक्षरांचा अंदाज घ्यायचा, चपट्या ब्रशने ऑइल पेंट भरायचा, गिऱ्हाईक हौशी असेल तर अक्षराला एका बाजूने गडद ‘शेड’ द्यायची, आणि सर्वांत शेवटी ‘कापायचे’. कापणे ही संज्ञा येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. अक्षर रंगवताना ज्या ठिकाणी रंग कडेबाहेर गेलेला असतो तेथे तो पुसत नाहीत, तर पार्श्वभूमीचाच रंग ब्रशाने आत सरकवून अक्षराची कड नव्याने आखतात. म्हणजे अक्षराची चूक अक्षराला हात न लावता, त्याच्या बाहेरच्या जागेतून दुरुस्त केली जाते.

दुकानात तिला पहिले काम मिळाले ते हे कापण्याचे, आणि त्याचे कारण तिच्या हुशारीत नसून तिच्या डाव्या हातात होते. देवनागरीची ओळ डावीकडून उजवीकडे चालते. उजव्या हाताचा कारागीर शिरोरेषा, म्हणजे अक्षरांच्या माथ्यावरील आडवी रेघ, ओढत नेतो आणि त्याने केलेले काम हाताच्या मागे मोकळे राहते. डावखुऱ्या हाताला तीच रेघ ढकलावी लागते, नुकतेच रंगवलेले अक्षर मनगटाखाली येते आणि ओला रंग फासला जातो. बोरूची अडचण वेगळी. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लिपीच्या उलट बाजूला तिरके कापतात, आणि तो काप उजव्या हाताचा कल गृहीत धरून केलेला असल्याने डाव्या हाताला जाड-बारीक रेघांचा मेळ बसवण्यासाठी मनगट अवघडून धरावे लागते. शाळेत कित्ता गिरवताना, म्हणजे नमुन्याच्या अक्षरावरून तसेच अक्षर पुनःपुन्हा काढताना, तिची वही कायम मळकी दिसे. शासकीय रेखाकला परीक्षांत अक्षरलेखनाची जोड भूमितीशी आहे. तेथे मात्र अक्षर पट्टीने चौकटी आखून बांधायचे असल्याने हाताचा प्रश्न उरला नाही, आणि अक्षर ही लिहिण्याइतकीच रचण्याचीही वस्तू असते, हे तिला प्रथम तेथे उमगले.

पुढे दुकानात तिने स्वतःपुरता एक तोडगा काढला: ओळ शेवटाकडून रंगवायची. सूत मारून झाले की ती संपूर्ण मजकुराची मोजणी करी, प्रत्येक अक्षराची रुंदी खडूने नोंदवी आणि शेवटच्या अक्षरापासून डावीकडे सरकत येई, म्हणजे ओला रंग हाताच्या उजवीकडे सुरक्षित राही. केवळ रंग फासू नये एवढ्यासाठी काढलेल्या या युक्तीने लिपीचे एक वेगळेच शरीर तिच्यापुढे उलगडले. अक्षररचनेच्या अभ्यासात देवनागरी व्यंजनांचे उभ्या रेघेवरून, म्हणजे दंडावरून, तीन गट पाडतात: ग, घ, च, त, प यांसारखी अंत्यदंडाची, क व फ ही मध्यदंडाची आणि ट, ठ, ड, ढ, द, ह यांसारखी दंडहीन. उजवीकडून येणाऱ्याला अंत्यदंडाच्या अक्षरात सर्वप्रथम दंडच भेटतो. ओळंबा लावून भिंत उभी करावी तशी आधी उभी रेघ येते आणि अक्षराचा उरलेला ऐवज तिला टेकवला जातो. दंडहीन अक्षरांना असा आधार नसल्याने ती शिरोरेषेला लोंबकळतात, आणि फलकावर तोल जातो तो बहुधा त्यांचाच. आणखी गमतीचा भाग पहिल्या वेलांटीचा आहे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे असते, म्हणजे लिहिताना अगोदर येते, उच्चारात मात्र नंतर. उलट्या दिशेने रंगवणाऱ्याला आधी क आणि मग वेलांटी भेटते, आणि साऱ्या ओळीत तेवढ्या एका जागी डावा हात जिभेच्या क्रमाने चालतो. याउलट ‘का’मध्ये काना अगोदर येऊन बसतो आणि तो कोणत्या व्यंजनाचा, हे काही काळ अनिश्चित राहते.

या पद्धतीचा स्वभावाशी संबंध आहे असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो संबंध काही अंशी खराही आहे. ही विद्यार्थिनी मुळात संथ, बोलण्यात मागे राहणारी आणि वाक्याचा शेवट ठाऊक असल्याशिवाय तोंड न उघडणारी आहे. वर्गात एका बैठकीत निसर्गचित्र पुरे करणाऱ्यांत तिची गणना कधी झाली नाही. आणि अशा बैठकी कोल्हापुरात वारंवार होतात, कारण आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी येथील तळी, झाडे आणि उन्हे जागेवर बसून रंगवली तेव्हापासून त्या कामाला गावात मानाचे स्थान आहे. रंकाळा तलावाच्या काठावर सहाध्यायांचे जलरंग वाळून कागद गुंडाळले जात असताना तिच्या कागदावर पेन्सिलीच्या खुणाच अधिक दिसत. परंतु स्वभावाने पद्धत घडवली की पद्धतीने स्वभाव, याचा निवाडा करणे अवघड आहे. ज्याला ओळ शेवटाकडून रंगवायची आहे त्याला शेवट आधी ठाऊक असावाच लागतो, आणि दहाव्या वर्षापासून हे करणाऱ्याचे बोलणेही तसेच झाले तर नवल नाही.

चित्रकार म्हणून तिची वाट या दुरुस्तीच्या तंत्रातूनच निघाली. उलट दिशेने रंगवलेला शब्द पुरा होईपर्यंत वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही तोवर तो दिसतो. त्या अवधीत तिचे लक्ष अक्षरांपेक्षा त्यांच्यातील पोकळ्यांकडे, म्हणजे रेघांनी वेढलेल्या रिकाम्या जागांकडे, जाऊ लागले. ठ च्या पोटातील जवळजवळ गोल पोकळी, ब मधील तिरक्या रेघेने दुभंगलेली, भ आणि म यांना एकमेकांपासून वेगळे करणारी माथ्यावरची जराशी फट. सध्याच्या मालिकेत ती जुन्या पत्र्यांवर काम करते आणि त्यांवर एकही अक्षर रंगवत नाही: ती फक्त कापते. अक्षराबाहेरची आणि अक्षराच्या पोटातील जागा ऑइल पेंटने भरली जाते आणि अक्षर म्हणून उरतो तो उघडा, काहीसा गंजलेला पत्रा. शब्द निवडतानाही तिने जड अर्थाचे शब्द टाळले असून ‘उधार बंद’, ‘दूध संकलन’, ‘वाट पहा’ असे, गावाच्या भिंतींवर वाचून वाचून दिसेनासे झालेले मजकूर घेतले आहेत.

लिपीला चित्रविषय करण्याची कल्पना अर्थातच नवी नाही. के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) यांनी १९६३ पासून ‘वर्ड्स अँड सिम्बॉल्स’ या मालिकेत अक्षरे, आकडे आणि कोष्टके कॅनव्हासवर आणली ती वाचण्यासाठी नव्हे. आणि मराठीत सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून देवनागरीला मोडीचा प्रवाहीपणा देणारी ‘मुक्तलिपी’ घडवली. अमूर्त चित्राचा विषय निघाला की चित्रकार गायतोंड्यांचे नाव घ्यायचे, हा वर्गातील शिरस्ता तिच्या चित्रांपुढेही पाळला गेला. त्या नावाचा तिच्या पत्र्यांशी संबंध शोधणे मात्र तिला स्वतःलाही जमलेले नाही. मोडीकडून तिला मिळाले ते एवढेच की, मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई, तर शाळेतली देवनागरी आधी अक्षरे काढून वर रेघ देते. पेंटरचे सूत हे या दृष्टीने मोडीच्या जवळचे आहे.

येथे ‘ल’ या अक्षराची हकिकत सांगणे आवश्यक आहे. मराठी वळणाचा ल हा पाकळीयुक्त, म्हणजे उजव्या अंगाला दंडाऐवजी पाकळीसारखा वाटोळा भाग असलेला, तर हिंदी वळणाचा दंडयुक्त. तसेच मराठी श देठयुक्त. फ्लेक्सच्या छपाईने हाताच्या फलकांची जागा घेतली तेव्हा संगणकावर सहज हाताशी असलेल्या बहुतेक टंकांत, म्हणजे छापील अक्षरसंचांत, दंडयुक्त ल होता, आणि बघता बघता गावातील वाढदिवसांच्या शुभेच्छा परक्या वळणात दिसू लागल्या. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना मान्यता दिली. तिच्या वडिलांना या निर्णयांची वार्ता नव्हती व गरजही नव्हती, कारण त्यांच्या हाताला दुसरा ल येतच नव्हता. गरज होती ती कामाची, आणि ती कोणत्याही निर्णयाने भागणारी नव्हती. गाळ्याचा अर्धा भाग आता मोबाइलच्या कव्हरांच्या विक्रीसाठी भाड्याने दिलेला आहे. हा ऱ्हास तिच्या मालिकेचा विषय आहे, असे पाहणारे म्हणतात. तिचे म्हणणे असे की पत्रा गंजलेला आहे कारण तो फुकट मिळाला.

वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी दारावरचा कापडी फलक फ्लेक्सऐवजी हाताने रंगवावा असे विद्यार्थ्यांनी ठरवले, आणि ते काम साहजिकच या घराकडे आले. वेळ थोडा असल्याने वडील डावीकडून आणि मुलगी उजवीकडून असे दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली. वडील अक्षरांची रुंदी कधीच खडूने नोंदवत नाहीत. ती त्यांच्या डोळ्यात असते, आणि ओळीला जसजसा रंग चढतो तसतशी ती सैल होत जाते. मुलगी आपल्या खुणांच्या आत राहिली. ‘वार्षिक कलाप्रदर्शन’ या ओळीत वडिलांचे ‘वार्षिक’ ऐसपैस झाले, मुलीचे ‘लाप्रदर्शन’ ठरल्या जागी आले, आणि मधल्या क ला जेमतेम चार बोटे जागा उरली. तो क वडिलांनी अंग चोरून उभा केला, मुलीने त्याच्या दोन्ही कडा कापल्या, आणि मग दोघेही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.