दुसरे माहेर

पहिलटकरणीने बाळंतपणासाठी माहेरी जावे, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्या मुळाशी केवळ डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी नसते; सासरी जे उच्चारता येत नाही ते बोलण्यास हक्काचे माणूस मिळावे, हाही तीमागील हेतू असतो. पण जिला आपले दुखणे माहेरीदेखील सांगता येत नाही, तिने कोठे जावे? एच. आय. व्ही.ची लागण झालेल्या गर्भवतीपुढे हाच प्रश्न उभा राहतो. आमच्या सिल्वासात कारखान्यांमुळे परप्रांतांतून आलेली बिऱ्हाडे पुष्कळ; तेथील लेकीसुनांचे माहेर तर आधीच दूर राहिलेले.

औषधोपचार आता खूप पुढे गेला आहे. उपचार न मिळाल्यास अशा मातांच्या शंभर बालकांपैकी १५ ते ४५ बालकांना गर्भात, प्रसूतीच्या वेळी अथवा दुधावाटे लागण होऊ शकते. आईने नियमित औषध घेतले आणि बाळालाही जन्मापासून डोस दिले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला ती आजन्म देण्याचे धोरण आले.

मग अडते कोठे? अडते ते उंबरठ्याच्या आत. गोळ्या ठेवाव्यात कोठे? जावेने विचारले तर सांगावे काय? पहिले सहा महिने बाळास निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, त्यात वरचे काही मिसळल्यास धोका वाढतो, असे डॉक्टर बजावतात. आणि घरी सासूबाई मधाचे बोट नि गुटी घेऊन उभ्या असतात!

या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात. त्याच वाटेने गेलेल्या बाईजवळ असतात. हे ओळखून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. मिच बेसर यांनी २००१ साली बाधित मातांनाच नव्या मातांच्या मार्गदर्शिका नेमले. आपल्याकडेही २०१३ साली सुरू झालेल्या ‘विहान’ कार्यक्रमाने एच. आय. व्ही.सह जगणाऱ्यांनाच समुपदेशनाच्या कामी घेतले.

मुलाच्या प्रवेशाच्या निमित्ताने एका मातेने आम्हांस विश्वासात घेऊन सांगितले, “गुरुजी, अठराव्या महिन्याच्या शेवटच्या तपासणीपर्यंत मला झोप नव्हती. पण तिथल्या ताई म्हणाल्या, ‘माझाही मुलगा असाच होता, आता तो शाळेत जातो.’ त्या एका वाक्यावर मी दिवस काढले.” तिचा मुलगाही निरोगी निघाला. डॉक्टरांनी आकडा सांगितला होता. ताईंनी आपला मुलगा सांगितला. धीर कशाने येतो, हे आम्हां शिक्षकांना त्या दिवशी नव्याने उमगले.

२०१७ च्या कायद्याने अशा व्यक्तींशी शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास आणि त्यांच्या संमतीवाचून त्यांची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. कायदा तोंडे बंद करू शकेल. दारे मात्र आपणच उघडावयाची असतात. आपल्या हळदीकुंकवाला येणाऱ्यांपैकी कोण आतल्या आत काय सोसते आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ते विचारण्याचा अधिकारही आपल्याला नाही. परंतु या आजाराविषयी चारचौघांत निंदेचा एक शब्दही आपण काढला नाही, तर ऐकणाऱ्या एखादीला केंद्राची पायरी चढण्याचे बळ येईल. आत तिच्यासारखीच एक ताई बसलेली असेल, आणि तिला तिचे दुसरे माहेर सापडेल.