नवं लोखंड, जुनी वंशावळ

आपल्याकडे बंदुकांची जत्रा भरत नाही. अमेरिकेत शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावातल्या सभागृहात टेबलं मांडून बंदुका विकतात. इथे परवान्याशिवाय बंदूक विकायला काढली तर थेट गुन्हाच. पण जुन्या हत्यारांचा नाद असलेल्याला पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईची मटण स्ट्रीट आहे, शिवजयंतीच्या सुमारास लागणारी शस्त्रप्रदर्शनं आहेत. प्रदर्शनात विक्री नसते, पण दाराबाहेर कोणीतरी हळूच फोनमधले फोटो दाखवतोच. माझं गाव केंदूर, तिथून शिक्रापूर आणि मग पुणे. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. परतताना पिशवी बहुधा रिकामी.

*

“काका, पानिपतावर जाऊन आलेली आहे.”

मूठ पितळेची, पातं ट्रकच्या पाट्याचं. ज्या पाट्याचे आमच्याकडे कोयते होतात त्याच पाट्याचं. किंमत बावीस हजार. पानिपतावरून परतलेल्या माणसांपेक्षा परतलेल्या तलवारी आता जास्त झाल्या असाव्यात.

*

गंज बघावा, मग माल बघावा. नवा गंज तांबूस, बोटाला लागणारा. जुना गंज काळपट, लोखंडात मुरलेला, पुसला तरी डाग ठेवणारा. तेजाब मारून आणि मिठाच्या मातीत पुरून आणलेलं पातं सगळीकडे सारखंच खरबरीत असतं. खरं जुनं पातं तसं नसतं: म्यानाच्या तोंडाशी, जिथे पाणी साचायचं, तिथे जास्त खाल्लेलं, मुठीजवळ जिथे तेलाचा हात फिरायचा तिथे बरं.

*

जुन्या तलवारीचं पातं मुठीत लाखेने बसवलेलं असे. मूठ तापवली की लाख वितळते आणि पातं हातात येतं. मोडलेलं पातं बदलायला ही सोय चांगली होती. आज तिचा फायदा वेगळाच माणूस घेतो. एका तलवारीची अस्सल मूठ आणि दुसरं नवं पातं, किंवा उलट. मुठीवरचं चांदीकाम दाखवून पात्याचे पैसे घ्यायचे. लाख किती जुनी आहे हे पाहावं. जुनी लाख काळी, ठिसूळ, कडेला भेगाळलेली असते. ताजी लाख असेल तर विचारावं, “कधी बसवली?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “साफ करायला काढली होती.”

मूठ लहान वाटते म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. “आपल्या हातात बसत नाही, म्हणजे खोटी,” असं त्याला वाटतं. खऱ्या जुन्या मुठी तशाच असतात. मूठ घट्ट धरायची आणि मनगटापेक्षा खांद्यातून ओढून कापायचं, अशी ती पकड. ऐसपैस मूठ दिसली की उलट शंका घ्यावी, ती बहुधा लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायला केलेली असते.

वजनाचंही तसंच. चालवायची तलवार साधारण किलोभराची. “साठ किलोची तलवार” हे फक्त भाषणात पेलतं.

*

केंदूर, पाबळ आणि लोणी ही गावं बाजीरावाने मस्तानीला इनाम दिली होती. हे सांगायचं कारण असं. एका विक्रेत्याकडे कट्यार पाहत होतो. मूठ आडव्या दोन दांड्यांची, वर सोन्याचा मुलामा. म्हणाला, उदयपूरची. असेल, उदयपूर-जयपूरकडे पोलादावर सोन्याच्या तारेचं कोफ्तगिरी काम आजही करतात, आणि नवं काम जुन्याच्या भावात खपतं. बोलता बोलता त्याने विचारलं, “गाव कोणतं तुमचं?” केंदूर म्हटल्यावर जरा थांबला. “म्हणजे मस्तानीबाईंचं?” मग कट्यार मस्तानीची झाली. भाव दीडपट. माझ्या गावाचं नाव मी फुकट दिलं आणि तेच मला विकायला काढलं.

पाबळला मस्तानीची कबर आहे, साधीच. आत हिरे-माणकं असतील या समजुतीने लोकांनी तीही एकदा उकरून पाहिली. उकरणारे आणि आम्ही बाजारात फिरणारे फार वेगळे नाही. ते रात्री जातात, आम्ही रविवारी.

*

नक्कल हा आजचा रोग नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातून पाती यायची, जर्मनीतल्या झोलिंगेनची, इटलीतली. मराठ्यांना ती आवडायची, कारण सरळ, लांब, लवचिक. त्यांना इकडची मूठ बसवली की फिरंग तयार. पण मागणी वाढल्यावर इकडचे लोहारही पात्यावर तिकडचे शिक्के मारू लागले. आन्द्रेआ फेरारा हे एका नामांकित कारागिराचं नाव, ते तर खुद्द युरोपातच इतक्या पात्यांवर कोरलं गेलं की सगळी त्याचीच म्हटली तर त्याला दोनशे वर्षं जगावं लागलं असतं. त्यामुळे पात्यावर शिक्का दिसला की विक्रेत्याचा आवाज वाढतो. माझा मात्र उत्साह कमी होतो.

खैबर खिंडीकडच्या नकली बंदुकांवर इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली सापडतात. अफगाणिस्तानात गेलेल्या गोऱ्या सैनिकांनी ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातली’ म्हणून त्या घरी नेल्या. जगात सगळीकडे गिऱ्हाईक सारखंच.

*

४७ लाख १५ हजार. महाराष्ट्र शासनाने २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, तेव्हा झालेला खर्च. ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. पातं युरोपीय घडणीचं, सरळ. मूठ इकडची, सोन्याचं काम केलेली. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ असा उल्लेख.

याला म्हणतात कागदपत्र. तलवार स्वतःच आपला सातबारा घेऊन आली. तीच घडण, तेच पातं, पण ती अक्षरं नसती तर लाखांतल्या आकड्याला कोणी हात वर केला असता का? मला शंका आहे. त्याआधी २०२३च्या मे महिन्यात लंडनमध्येच बॉनहॅम्सकडे टिपूच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली. लिलावघर पोलाद विकतच नाही. ते नाव विकतं. जुन्या बाजारातला तो मनुष्यही नावच विकतो. दोघांत फरक पुराव्याचा आहे, आणि तो फरक सगळा भाव ठरवतो.

*

साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४च्या जुलैमध्ये वाघनखं आली, लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिलेली. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिथे गेली. त्या संग्रहालयाने स्वतःच लिहून ठेवलंय की अफझलखानाच्या भेटीत वापरली ती हीच का, याची खात्री करता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी इथे हेच विचारलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला मात्र ती पाटी आवडते. विकायला बसलेल्या एकाही माणसाच्या तोंडून मी अजून “खात्री नाही” ऐकलेलं नाही.

*

दख्खनची चांगली हत्यारं बघायची तर कुठे जावं? बिकानेरला. दख्खनमधला आदोनीचा किल्ला पडला तो १६८९च्या सुमारास, आणि बिकानेरच्या अनुपसिंहाच्या फौजेने तिथला शस्त्रसाठा उचलून नेला. मुठींवर, पात्यांवर ठिपक्यांनी कोरून आदोनीची नोंद केली आणि बिकानेरच्याच जुनागढ किल्ल्यातल्या शस्त्रागारात ठेवून दिला. ज्यांनी लुटलं त्यांनी जपलं, हिशेबासकट. पुढे तिथलं बरंच बाजारात आलं. ठिपक्यांची अक्षरं असलेली कट्यार जगभरच्या लिलावांत दिसते आणि भाव वाढवते. साहजिकच आता ठिपकेही नवे पडू लागले असतील.

आमच्या मुलखातलं काय झालं? साध्या शिपायाची तलवार कोणी नोंदवून ठेवणार नव्हतंच. १८१८ला पेशवाई बुडाली, शिलेदार घरी आले, पोटाला शेती. १८५७नंतर हत्यारं गोळा झाली, १८७८ला लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. उरलेल्या पात्यांची लोहाराच्या भट्टीत विळे-खुरपी झाली असणार. कोणी ते लिहून ठेवलं नाही, पण पोलाद कोण वाया घालवतं? म्हणून बाजारात सरदारांची मिळते, राजांची मिळते, दरबारी मिरवायची मिळते. लढणाऱ्यांची मिळत नाही. आणि विकणारा प्रत्येक तलवारीला लढाई जोडतो!

*

त्याच १८७८ सालचा आणखी एक कायदा अजून लागू आहे: भूमिगत निधीचा. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! १८७८चे दहा. विहीर खोदताना, नांगरताना काही लागलं की आमच्याकडे लोक आधी पंडित शोधतात, मग गिऱ्हाईक, आणि कलेक्टर सगळ्यांत शेवटी, तोही पोलीस आले तर.

*

नव्या तलवारींचा बाजार वेगळाच. २०२२ साली पुण्याजवळच्या दिघीत कुरियरच्या गोदामात पंजाबहून आलेल्या नव्वदच्या वर तलवारी पोलिसांनी पकडल्या. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, व्हिडिओ टाकायचा, दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजेरी. केकवर चालवायला ती कितीही जड झाली तरी चालते.

*

बंदुकीचं गणित तलवारीच्या उलट. तिथे जुनी, परदेशी आणि चालू असेल तर सोन्याचा भाव. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे त्याआधी देशात आलेलं वेब्लीचं किंवा स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर म्हणजे आटलेल्या झऱ्याचं पाणी. लाखांनी मागतात. तिकडे अमेरिकेत त्याच मॉडेलला एवढा भाव नाही. सरकारी कारखान्याची ‘निर्भीक’ २०१४ला आली, बायकांच्या पर्समध्ये मावणारी म्हणून, आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास! पर्सपेक्षा पर्समधलं जड.

बारा बोअरच्या दुनळीला मात्र गिऱ्हाईक नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. तिसरी काढायची म्हटल्यावर आधी आजोबांची दुनळीच काढली जाते. अक्रोडाचा दस्ता, हाताने केलेली नक्षी, आणि भाव असा की ऐकून वाईट वाटतं. ज्याला खरंच कारागिरीचं प्रेम आहे त्याच्यासाठी हाच काय तो स्वस्ताईचा कोपरा, फक्त परवाना हवा. तो मिळेपर्यंत प्रेम टिकलं पाहिजे.

*

गावात बंदुकीचा विषय आता बिबट्यावरून निघतो. शिरूर, आंबेगाव, जुन्नरचा ऊस म्हणजे त्याचं घर झालंय. “पीक संरक्षणाचा परवाना मिळतो ना?” असं विचारतात. मिळू शकतो, ठासणीच्या बंदुकीचाही. पण तो रानडुकरासारख्यांसाठी. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर चालवली तर आत जायची वेळ आपल्यावरच. आणि निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. बिबट्याला आचारसंहिता लागत नाही.

*

मामेभाऊ टेक्सासला असतो. तिथल्या एका बंदूक-प्रदर्शनाला हौसेने गेला. प्रवेश फी, पार्किंगचे पैसे, आणि आत दुकानापेक्षा चढे भाव. निम्म्या टेबलांवर टी-शर्ट, सुकवलेलं मांस आणि चाकू. एका टेबलावर मात्र जुनी मार्टिनी पद्धतीची रायफल, ‘गहेंद्र’ म्हणून. नेपाळी घडणीची. २००३ साली दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा, हजारोंच्या संख्येतल्या बंदुका, एकगठ्ठा विकत घेतला होता. त्यातली ती. म्हणजे हिमालयातली बंदूक बघायला आमचा केंदूरचा पोरगा टेक्सासला गेला. विकत घेतली नाही. “भावात आपली म्हैस येते,” असा निरोप. इकडे आणायचं म्हटलं तरी आणू देणार कोण?

*

रघुजींच्या तलवारीची बातमी आली त्यानंतर गावातल्या एका घरून बोलावणं आलं. आढ्याला शंभर वर्षं अडकवलेली तलवार. दरवर्षी खंडेनवमीला उतरवायची, हळद-कुंकू लावायचं, पुन्हा वर. म्यान गेलेलं, मुठीची परज तुटलेली, पात्यावर धुराचा आणि कुंकवाचा थर. पण पातं खरं. धारेला खाचा होत्या, दगडावर घासलेल्या नव्हेत, पोलादावर पोलाद पडून होतात तशा. मुलामा नाही, अक्षर नाही, शिक्का नाही. मुठीतली लाख काळी, भेगाळलेली.

बाजारात इतकी वर्षं फिरून अशी एकही हाती लागली नव्हती, आणि ती शेजारच्या आळीत निघाली.

“किती येतील?” घरातल्या आप्पांनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे सांगितलं. काही हजार, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. नाव नाही, कागद नाही, दिसायला राकट.

“पेपरात सत्तेचाळीस लाख होते.”

“ती रघुजी भोसल्यांची होती, आप्पा.”

“मग ही कोणाची होती?”

ते कसं सांगणार? घरातल्या कोणालाच नाव आठवत नव्हतं. पणजोबांच्याही आधीचा कोणीतरी, एवढंच. मी म्हटलं, विकू नका, तेल लावा, कुंकू थेट पात्यावर नको, ओलाव्याने पोलाद गंजतं. आप्पांना ते पटलं नाही. सुनेने चहा आणला, विषय बदलला. परवा कळलं की ती तलवार ते पुण्यात कोणा दुसऱ्याला दाखवायला नेणार आहेत, कारण मला त्यातलं काही कळत नाही.