पर्णशय्येवरील एक रात्र

बिछाना हा काही लेख लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. घरोघरी तो रात्री घालतात व सकाळी गुंडाळून ठेवतात; त्याची आठवण कोण ठेवतो? आम्हीही त्याच मताचे होतो. शृंगवेरपुरी इंगुदीवृक्षाखाली रामचंद्रांनी ज्या तृणशय्येवर रात्र काढली, ती पाहून भरताचा कंठ कसा दाटून आला, हा प्रसंग आम्ही तीस वर्षे मुलांस शिकविला. परंतु तृणशय्या करतात कशी, किती जाड करतात, तिच्यावर निजणाऱ्यास थंडी वाजते की नाही, असा प्रश्न ना कधी मुलांनी विचारला, ना कधी आम्हांस सुचला. तो प्रश्न हिमालयाने विचारला, आणि उत्तरास अवधी फार थोडा दिला.

सन २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही व आमचे धाकटे बंधू असे दोघे गढवालात गेलो. या ‘दोघे’ शब्दात बरेच काही साठलेले आहे. वाईस आमचे वडिलोपार्जित घर आहे. सन २००७ मध्ये त्याची वाटणी झाली आणि माजघरातून एक भिंत उभी राहिली. भांडण असे झाले नाही. आमच्या घराण्यात मोठ्याने भांडण्याची चाल नाही. सणावारी नमस्कार होई, ‘कसे आहात?’, ‘ठीक आहे,’ एवढे संभाषण होई, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांस दोन कुटुंबे एकमेकांच्या भांड्यांचे आवाज ऐकत बारा वर्षे राहिली. अखेर आमचे कुटुंब व आमची भावजय यांनी आपापसांत ठरवून, आम्हांस न विचारता, दोन तिकिटे काढली. ‘केदारनाथाला दोघे भाऊ जाऊन या, आम्ही कुणी बरोबर येत नाही,’ एवढाच निकाल आमच्या कानी पडला.

केदारनाथाचे दर्शन यथासांग झाले. परतताना तुंगनाथास जावयाचे होते. चोपत्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. परंतु सारी गावाहून देवरिया तालावर चढून, तेथून रानातल्या पायवाटेने चोपत्यास उतरावे, असा बेत आम्हीच काढला. तालापासून चोपता सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर. अनुभवी लोक वाटेत मुक्काम करून हे अंतर दोन दिवसांत तोडतात. आम्ही ते एका दिवसात तोडण्याचे ठरविले. हा परिसर केदारनाथ अभयारण्यात मोडतो. कस्तुरीमृगाच्या रक्षणार्थ ते १९७२ साली स्थापन झाले. परवाना काढून देण्यास व वाट दाखविण्यास सारी गावचा एक तरुण आम्ही बरोबर घेतला.

तालावर पहाटे पोहोचलो. सुमारे चोवीसशे मीटर उंचीवरील ते लहानसे तळे, आणि त्यात उतरलेले सात हजार मीटरांहून उंच चौखंब्याचे प्रतिबिंब! युधिष्ठिरास यक्षाने प्रश्न केले ते याच काठी, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. मग आमच्यातला शिक्षक कसा गप्प बसणार? स्नानसंध्या आटोपून आम्ही यक्षप्रश्नांचे आख्यान लाविले. चारांपैकी एकच भाऊ जिवंत होईल म्हटल्यावर युधिष्ठिराने भीमार्जुनांस सोडून सावत्र भाऊ नकुल मागितला, हे आम्ही त्या तरुणास मोठ्या रसाळपणे सांगितले. आमचे सख्खे बंधू पलीकडे दगडावर बसून पाण्याकडे पाहत होते. वाटाड्या दोनदा ‘गुरुजी, उशीर होतो,’ म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पुढे जे घडले त्याचे मूळ या दोन तासांत आहे, आणि त्याचा दोष सर्वस्वी आमचा आहे.

रोहिणी बुग्यालावर पोहोचावयास चार वाजले. तेथून वाट दाट अरण्यात शिरते. धुके इतके उतरले की पुढचा माणूस दिसेना. एका ओढ्यावर बंधूंचा पाय शेवाळावरून घसरला; कमरेपर्यंत भिजले आणि घोटाही मुरगळला. त्यांना धरून अर्धा मैल नेईपर्यंत दिवेलागण झाली. भ्रमणध्वनीस तेथे संदेश मिळत नव्हता. वाटाड्या थांबला, आभाळाकडे पाहिले, आणि म्हणाला, ‘आता चालणे नाही. अंधार पडण्याच्या आत बिछाना करावयाचा.’

‘बिछाना?’ आम्ही विचारले. आमच्याजवळ दोन शाली, एक घोंगडी व त्याच्याजवळचा एक प्लॅस्टिकचा कागद, एवढेच सामान होते.

‘पांघरूण थोडे चालेल, गुरुजी, अंथरूण थोडे चालत नाही,’ तो म्हणाला.

या वाक्याचा अर्थ आम्हांस पुढे उमजला. पांघरूण किंवा अंथरूण स्वतः ऊब देत नाही. ऊब अंगाचीच असते. कापसात, लोकरीत, पाचोळ्यात जी हवा अडकून स्थिर राहते, ती उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण थंड भुईवर माणूस निजला की त्याच्या भाराने अंगाखालचे वस्त्र दबते, हवा निघून जाते, आणि भूमी त्याची उष्णता रात्रभर शोषीत राहते. ओले वस्त्र तर याहून घातक. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते.

म्हणून त्याने पहिली गोष्ट केली ती बंधूंच्या वस्त्रांची. त्यांना भुईवर बसू न देता गाठोड्यावर बसविले व ओले कपडे उतरविण्यास सांगितले. कोरडे काय आहे? आमच्या पिशवीत सोवळ्याची धाबळी होती, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून वेगळी बांधलेली. आम्ही क्षणभर थबकलो, हे कबूल केले पाहिजे. मग ती सोडली आणि बंधूंच्या कमरेस आमच्या हाताने गुंडाळली. लोकर ती लोकरच. तिला सोवळे-ओवळे ठाऊक नसते. भावजयीने दिलेले डिंकाचे लाडू त्यांना खावयास दिले आणि आम्ही दोघे कामास लागलो.

जागा निवडताना वाटाड्या ओढ्याकाठच्या सपाटीवर गेला नाही. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते व खोलगट भागात साचते, असे त्याने सांगितले. माथ्यावरही नको, तेथे वारा. उतारावरची एक लहानशी सपाट पायरी, तीही दाट खर्सूच्या झाडांखाली, कारण उघड्या आभाळाखाली रात्री दहिवर अधिक पडते. वर वाळकी, मोडकी फांदी लटकत नाही ना, हे त्याने आधी पाहिले. मग पडलेले दोन ओंडके साडेतीन हातांच्या अंतरावर समांतर ठेविले, जेणेकरून पाचोळा बाजूस सरकू नये. त्यांच्यामध्ये वाळक्या रिंगाळाच्या काड्या व गळालेल्या डहाळ्या आडव्या पसरल्या. त्यामुळे भुईची ओल वर चढत नाही. जिवंत फांदी त्याने एकही तोडली नाही. ‘हे रान आमचे नाही, कस्तुऱ्याचे आहे,’ एवढेच म्हणाला.

त्यानंतर पाने. वरच्या थरातली तेवढीच गोळा करावयाची. खालची ओलसर असतात. मुठीत चुरडली असता जी कुरकुरतील ती घ्यावी, जी मुकाट्याने मऊ पडतील ती टाकावी, अशी परीक्षा त्याने सांगितली. शालीत भरभरून आम्ही पंचवीस-तीस खेपा केल्या. ढीग कमरेइतका झाला तेव्हा आम्ही समाधानाने थांबलो. त्याने त्यावर आडवे होऊन दाखविले, आणि तो ढीग दबून जेमतेम वीतभर राहिला! पुन्हा खेपा. अंगाखाली दबल्यावरही हातभर जाडी उरेल तेव्हा काम पुरे झाले. सर्वांवर मोकळ्या उतारावरचे वाळके गवत पसरले. आम्ही शेकोटीची गोष्ट काढली; त्याने मान हलविली. एवढ्या कोरड्या पाचोळ्याशेजारी, तेही अभयारण्यात, विस्तव म्हणजे अरण्यास व आपणांसही आग. खाण्याची पिशवी त्याने दूर एका झाडास उंच बांधली, कारण त्या दिवसांत ओकाच्या फळांसाठी अस्वले हिंडतात.

बंधूंना मध्ये घेऊन आम्ही दोघे दोन अंगांस निजलो. वर शाली, घोंगडी, त्यांवर पुन्हा पानांचा थर आणि शेवटी तो कागद. डोकी कानटोप्यांत, पण तोंडे बाहेर. श्वासाच्या वाफेने अंथरूण ओले होऊ नये म्हणून. पार्वतीने झाडाची गळालेली पानेही खाण्याचे सोडले म्हणून ती अपर्णा झाली. आम्ही त्या रात्री पुरते सपर्ण झालो.

परंतु थट्टेची वेळ ती नव्हती. बंधूंची थरथर पाने हलवीत होती. त्यांची वाणी जड झाली. ‘आई निजली का?’ असे त्यांनी विचारले. आमची आई जाऊन वीस वर्षे झाली होती. वाटाड्या कानाशी कुजबुजला, ‘यांना बोलते ठेवा. थरथर थांबली आणि बोलणेही बिघडत गेले तर ते वाईट. थरथर थांबली आणि बोलणे सुधारले तर ते चांगले.’ आम्हांस काय सुचणार? ‘दिडकी म्हण,’ आम्ही म्हणालो, लहानपणी पडवीत परवचा म्हणवून घेताना म्हणत असू त्याच स्वरात. त्यांनी आरंभ केला, चवथ्या घरी अडखळले, पुन्हा आरंभ केला, पुन्हा अडखळले. आम्ही त्यांचे दोन्ही हात आमच्या बंडीत काखेशी धरून ठेविले. आयुष्यात इतकी भीती आम्हांस कधी वाटली नव्हती. भिंतीपलीकडचा माणूस नाहीसा झाला तर ती भिंत कोणासाठी उभी राहील, हा विचार त्या काळोखात प्रथमच मनात आला.

हळूहळू अंथरुणाने आपले काम केले. खालून थंडी चढेना. तिघांची ऊब पानांत कोंडून राहिली. लहानपणी थंडीच्या दिवसांत आई भाताचा पेंढा पसरून त्यावर घोंगडी घाली आणि आम्हां भावंडांस ओळीने निजवी, तोच वास, तीच खसखस. मध्यरात्रीच्या सुमारास थरथर थांबली. आमच्या काळजाचा ठोका चुकला. ‘दिडकी म्हण,’ आम्ही म्हणालो. त्यांनी ती सरळ शेवटपर्यंत म्हटली, आणि न सांगता अडीचकीही म्हटली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘दादा, तुम्ही संध्याकाळी नातवाकडून परवचा म्हणवून घेता ना, तो भिंतीतून ऐकू येतो. मी इकडे आमच्या नातीला त्याच्याबरोबर म्हणावयास लावतो. तुम्हांला कधी सांगितले नाही.’

आम्ही काहीच बोललो नाही. बोलणे शक्य नव्हते.

सकाळी आसपासचे गवत गोठलेल्या दवाने पांढरे झाले होते. अंथरुणात हात घातला तो आत पाने कोरडी व उबदार. निघण्यापूर्वी वाटाड्याने ओंडके बाजूस सारले, पाने पायाने विखरून टाकली, आणि रान होते तसे केले. बंधूंना काठीच्या व खांद्यांच्या आधाराने नेत दुपारी चोपत्यास पोहोचलो. तुंगनाथ तेथून सुमारे चार किलोमीटर, उंची साडेतीन हजार मीटरांच्या वर. त्या पायाने चढणे अशक्य होते. खालूनच हात जोडले. दर्शन राहिले, असे लोक म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

आमच्या घराघरांतील तरुण मंडळी हल्ली गडांवर व हिमालयात हौसेने जातात. त्यांस दोन शब्द सांगतो. उजाडताच निघावे, आख्याने मुक्कामावर लावावी. एक कोरडे लोकरी वस्त्र वेगळे बांधून ठेवावे. वेळ चुकलीच तर उजेड असतानाच थांबावे, आणि अंगावरच्यापेक्षा अंगाखालच्याची काळजी अधिक करावी. दारू ऊब देते हा भ्रम आहे. ती कातडीकडे रक्त ओढून अंगातली उष्णता घालविते. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर त्यास थकवा समजून निजू देऊ नये. कोरडे करावे, भुईपासून उचलावे, जवळ घ्यावे.

वाईच्या घरातील भिंत अजून आहे. तिच्यावर आता तुळयांचा भार आहे, पाडता येत नाही, असे गवंड्याने सांगितले. सन २०२० च्या टाळेबंदीपूर्वी, महाशिवरात्रीच्या सुमारास, तिच्यात एक दार मात्र पाडून घेतले. त्यास कडी बसविली नाही. दरवर्षी थंडीत बंधू पडवीत पेंढा पसरतात, दोन्हीकडची नातवंडे त्यावर ओळीने निजतात, आणि जाडी पुरेशी झाली की नाही हे पाहण्यासाठी प्रथम त्यावर आडवे व्हावयाचा मान, वडीलकीच्या नात्याने, आमचा असतो.