बाईची अर्धी गाडी

आम्ही आईला बाई म्हणायचो. पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या घरांत ही रीत अजून आहे.

२०१२ च्या दिवाळीत आम्ही दोघे भाऊ हिशेबाला बसलो. मी त्याच वर्षी बँकेतून रिटायर झालो होतो. धाकटा पहिल्यापासून शेतीत, संत्र्याचा बगीचा त्यानेच राखला. बगीच्यातल्या टिनाच्या गोदामात त्याला संत्री निवडायला जागा हवी होती आणि ती जागा अडवून बसली होती बाबांची गाडी. अडतीस वर्षांपासून एकाच जागी. भंगारवाला येऊन बघून गेला होता, किलोचा भावही ठरला होता. भावाचं काही चूक नव्हतं. उंदरांनी सीट खाल्लेली, चारही टायर जमिनीला चिकटलेले, हौद्याच्या लाकडाला वाळवी.

बाई तेव्हा ऐंशीची. माजघरातून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "अर्धी गाडी माही आहे. माह्या पाटल्या गेल्या तिच्यात. तुमच्या हिश्शाची इका भंगारात, माही राहू द्या."

आम्हाला हसू आलं. तिला नाही आलं.

ही गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५०. आजच्या मुलांनी पाहिली नसेल. महिंद्रा कंपनी १९४७ पासून विलीज जीप जोडत होती. १९६५ च्या सुमारास त्याच जीपच्या इंजिनावर तिने ही छोटी मालगाडी काढली. बोनेट नाहीच, तोंड चपटं. इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, वर पत्र्याचं झाकण. थंडीत बरं वाटायचं, एप्रिलमध्ये मांडी भाजायची. इंजिन चार सिलेंडरचं, २.२ लिटरचं पेट्रोल हरिकेन. बाबांनी १९६८ मध्ये नवी घेतली.

आमचा जिल्हा छिंदवाडा. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. कागद भोपाळकडे गेले, संत्री मात्र नागपूरलाच जात राहिली. हंगाम वर्षातून दोन, दिवाळीच्या पुढेमागे आंबिया आणि फेब्रुवारी-मार्चात मृग. गाडीआधी माल बंडीने पांढुर्णा स्टेशनवर जायचा. वॅगन मिळाली तर ठीक, नाहीतर प्लॅटफॉर्मवर फळ नरम पडायचं. गाडी आली आणि रात्री भरलेला माल उजाडायच्या आत नागपूरच्या संत्रा मार्केटात उतरू लागला. भावात फरक पडायचा तो त्या दोन-चार तासांचाच.

पण गाडी आली कर्जावर. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर छोट्या वाहतूकदाराला प्राधान्याच्या यादीत जागा मिळाली. त्याआधी आमच्यासारख्याला बँकेत कोण उभं करणार? खाजगी फायनान्सवाल्याकडून पैसा, त्याचं व्याज, आणि आरसी बुकावर त्याच्या नावाचा हायपोथिकेशनचा शिक्का. पहिल्याच वर्षी आंबियाला फळगळ झाली, दोन हप्ते चुकले. गाडी ओढून न्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा बाईने पाटल्या काढून दिल्या.

हे आम्हाला उडत उडत माहीत होतं. पुरावा बाईने त्या दिवशी आणून ठेवला. लाल कापडात बांधलेली लांबट वही. बाई सौंसरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर टपोरं. बाबा रात्री येऊन सांगायचे, ती लिहून घ्यायची. वर शीर्षक, 'गाडी खाते'. पाटल्या ४ तोळे, रुपये ७४०. खाली हप्ते, आणि शेवटी चुकतीची पावती वहीलाच डिंकाने चिकटवलेली.

मी कॉमर्सवाला. मनात आकडेमोड केलीच. ७४० रुपयांत अर्धी गाडी काही होत नव्हती. पण त्याच चार तोळ्यांचा त्या वर्षीचा भाव धरला तर सव्वा लाखाच्या वर जात होता, आणि गाडीला भंगारवाला देत होता त्याच्या कितीतरी खाली. मी गप्प बसलो.

पानं उलटता उलटता १९६९ चा जुलै आला. 'बापू फी, नागपूर. गाडी खात्यातून.' बापू म्हणजे मी. पुढे १९७२ पर्यंत दर सत्राला तीच नोंद, एकदा खोलीभाडं, एकदा चश्मा. मला वाटायचं माझं बी.कॉम. बगीच्याच्या उत्पन्नातून झालं. धाकट्याने ते पान वाचलं आणि वही परत माझ्या हातात दिली. त्याला मॅट्रिकनंतर शिकता आलं नाही, तेव्हा गाडी उभी झालेली होती. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

गाडी उभी का राहिली ते तुमच्या वयाच्यांना आठवत असेल. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महागलं. वाजपेयी नोव्हेंबरात बैलबंडीतून संसदेत गेले ते याच भाववाढीवरून. पेट्रोल पिणारी मालगाडी परवडेना. लोकांनी जीपा-टेम्पोंना डिझेल इंजिनं बसवून घेतली. बाबांनी नाही बसवलं. १९७४ चा मृग बहार उतरवून गोदामात लावली, तेव्हापासून भाड्याच्या गाड्या. दर दसऱ्याला मात्र तिला झेंडूचा हार पडायचा. १९९८ मध्ये बाबा गेले, हार बाई घालू लागली.

काम आम्ही डिसेंबरात सुरू केलं. मिस्त्री सौंसरकडचे एक म्हातारे चाचा, उमेदीत जीपाच दुरुस्त केलेले. इंजिन जाम. चाचांनी प्लग काढून चारही भोकांत रॉकेल आणि तेल ओतलं आणि म्हणाले, आता आठ दिवस हात लावू नका. आठाचे वीस झाले. रोज क्रँकच्या पुलीला पाना लावून थोडा जोर द्यायचा, इकडून तिकडे. एकविसाव्या दिवशी बोटभर फिरली.

बाईची वही इथे कामाला आली. १९७१ ची नोंद, 'दोन नंबर तेल खाते, नवीन रिंगा, नागपूर.' चाचांनी हेड उघडलं तर दोन नंबरचा पिस्टन खरंच वेगळ्या घडणीचा. त्यानंतर ते काहीही उघडायच्या आधी विचारायचे, "माँजी, किताब में क्या लिखा है?" आणि बाई चश्मा लावून पान शोधायची. बाकी वेळ ती परातीत रॉकेल घेऊन नटबोल्ट घासत बसे. कुठला बोल्ट कुठून निघाला ते चिंध्यांच्या गाठी बांधून ठेवायची. एक गाठ म्हणजे रेडिएटर, दोन म्हणजे गिअरबॉक्स. एकही हरवला नाही.

इंजिनाचे पार्ट अवघड गेले नाहीत. महिंद्राच्या जीपांत हेच इंजिन होतं, दिल्लीच्या कश्मिरी गेटला माल मिळाला. या इंजिनाची गंमत अशी की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. २००० नंतर पेट्रोलमधलं शिसं गेलं, जुन्या एक्झॉस्ट सीटा त्याशिवाय लवकर झिजतात, म्हणून चाचांनी त्या कडक धातूच्या बसवून घेतल्या. पेट्रोलच्या टाकीत डांबरासारखा थर. आत साखळी आणि गिट्टी टाकून भावाने आणि मी दोन टोकांना धरून ती दोन दिवस हलवली, पाळण्यासारखी. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, ब्रेकचे सगळे रबर गेलेले. हौद्याच्या फळ्या आणि फाळका सागाचा नवा केला. सीटचं कव्हर बाईने स्वतः शिवलं. धाकट्याची बायको म्हणाली, रेक्झिन आणू. बाई म्हणाली, रेक्झिन गरम होते.

२०१३ च्या पोळ्याला सकाळी गाडी सुरू झाली. पहिल्यांदा खोकली, काळा धूर, मग धरलं. बैलांबरोबर तिलाही झूल आणि बेगड. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, गावात बंदोबस्त, म्हणून चाचा दोन दिवस आमच्याकडेच अडकले आणि कार्ब्युरेटर लावत बसले.

इंजिनापेक्षा कागद जड गेले. आरसी बाबांच्या नावे, टॅक्स थकलेला, फायनान्सवाल्याची पेढी कधीच बंद झालेली. तारण उतरवायला फॉर्म ३५ वर त्याची सही लागते, ती आणणार कुठून? चुकतीची पावती आणि शपथपत्र घेऊन मी फेऱ्या घातल्या. शेवटी दंड भरला, वारसाचा फॉर्म ३१ भरला. नाव कुणाचं लावायचं हा प्रश्नच नव्हता. धाकट्याने नाहरकत सही केली आणि म्हणाला, "बाई, आता पुरी तुयीच."

फिटनेस मिळायला २०१४ चा मार्च उजाडला. बाईला सौंसरला जायचं होतं, माहेरी. कारण तिने तेव्हा सांगितलं. सहा वर्षं घरची गाडी होती, पण ती पुढच्या सीटवर कधी बसली नव्हती. पुढे बाबा आणि आजोबा, सून हौद्यात, पदर घेऊन, पेट्यांच्या मधात. मामाच्या लग्नाला आम्ही असेच गेलो होतो, मला आठवतं, तणसाचा वास आणि बाईने दोन्ही हातांनी धरलेले आम्ही दोघे.

चालवली धाकट्याने. मी हौद्यात बसलो, मृगाच्या दोन पेट्या घेऊन. तीस-पस्तीस किलोमीटरला दीड तास लागला, कारण पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, आणि चढावर बाई त्याला सांगायची, "घाई करू नको, तुया बाप इथं थांबायचा." सौंसरजवळ फाटक लागलेलं, छोटी लाईन जात होती. पुढच्या वर्षाअखेर ती बंद झाली, आता तिथे मोठी लाईन आहे. खिडकीतून बाईचा हात बाहेर, इंजिनाच्या झाकणावर टॉवेल घडी करून ठेवलेला.

माहेरच्या अंगणात गाडी थांबली. भाच्याने हात द्यायला दार उघडलं तर म्हणाली, थांब, इंजिन बंद होऊ दे. मग उतरली. रात्री वहीत नोंद केली: सौंसर, संत्री २ पेट्या, सवारी ३.

२०१९ मध्ये बाई गेली. २०२३ पासून पांढुर्णा स्वतः जिल्हा आहे. आरसी अजून तिच्याच नावे, पुन्हा फॉर्म ३१ भरायचा राहिलाय. मुलगा सांगतो, २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजचा वेगळा नंबर मिळतो, घ्या. मी नियम वाचला. त्या नंबरावर धंद्याचा माल नेता येत नाही, रोजचं चालवताही येत नाही. धाकटा अजून मृगाला तिच्यातूनच वावरातल्या पेट्या आणतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, मग नको.