अट क्रमांक सात

9 एप्रिल
पाणलोट प्रकल्पाच्या करारनाम्याचा मसुदा आला. चौदा पानं. त्यातली नऊ पानं कामांची यादी : सलग समतल चर, बांधबंदिस्ती, अनगड दगडी बांध, माती नालाबांध, सिमेंट नालाबांध. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली, दर. गावाने काय पाळायचं ते शेवटच्या अर्ध्या पानात. कुऱ्हाडबंदी, श्रमदान, ऊस-केळी नाही, सिंचनासाठी नवा बोअर नाही, देखभाल निधी.
अट क्रमांक सात : 'गावात चराईबंदी पाळण्यात येईल.' किती क्षेत्रावर, किती वर्षं, कोणी पाळायची, काही नाही. चराच्या खोलीला सेंटिमीटर आहेत, या अटीला काहीच नाही.

10 एप्रिल
दिवसभर सातबारे. डोळे दुखतात.

12 एप्रिल
माथ्यावर जाऊन आले. गायरान आणि त्याला लागून वनखात्याची जमीन. मुरूम उघडा पडलाय. दगडांच्या आडोशाला पवन्याचे ठोंब अजून आहेत, बोटभर उंचीचे. मुळं जिवंत आहेत. तीन पावसाळे तोंड लागलं नाही तर हा डोंगर गवताने भरेल, याबद्दल मला शंका नाही.
पण तोंड कोणाचं, ते लिहायला हवं.

13 एप्रिल
शेजारच्या गावात जुनं काम बघायला गेले. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातलं. पैसा जर्मनीचा, कारभार नाबार्डचा, धडपड फादर हर्मन बाखर यांच्यासारख्या माणसांची. तेव्हाचं नियोजन बांधावर उभं राहून झालं. गट नंबर घ्यायचा, नवरा-बायको दोघांना शेतात उभं करायचं, कुठे बांध, कुठे झाड ते ठरवायचं आणि कागदावर घ्यायचं. म्हणून माथ्यावरचे चर अजून ओळखू येतात. कडुनिंब मोठे झालेत.
खाली सिमेंट नालाबांध मात्र गाळाने काठोकाठ. एका बाजूची भिंत खालून पोखरलेली. देखभाल निधीचं विचारलं. समितीच्या जुन्या सचिवांनी ट्रंकेतून पासबुक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कडा उंदराने कुरतडलेल्या. पैसे आहेत, व्याजासकट आहेत. काढायचे कोणी? सहीचा अधिकार असलेल्या तिघांपैकी दोघं वारले. नव्या सह्यांसाठी समितीचा ठराव लागतो, आणि समितीची बैठक कोणी बोलावलेलीच नाही.
भिंत दुरुस्त करायला पुरतील एवढे पैसे बँकेत पडून आणि भिंत दर पावसाळ्यात सरकते आहे. रात्रभर तेच डोक्यात.

14 एप्रिल
जयंती. मिरवणूक थाटात. समाजमंदिराच्या पायरीवर एक आजोबा म्हणाले, "ताई, आमाला ना रान ना हीर. चर खांदायला आमीच. पाणी साचल्यावर आमचं काय, ते लिवलंय का कुटं?"
लिहिलेलं नाही.

16 एप्रिल
आजोबांचं वाक्य डोक्यातून जात नाही. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली तेव्हा नेमकं हेच लिहून घेतलं होतं. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांचा.
पन्नास वर्षं झाली. आमच्या मसुद्यात यातलं फक्त 'ऊस नाही' उतरलंय.

17 एप्रिल
टँकर आला नाही.

18 एप्रिल
टँकर आला. दुपारी दोनला.

21 एप्रिल
रात्री अकराला घरघर. खिडक्या हादरत होत्या. ओढ्यापलीकडे बोअरची गाडी लागलीय.

22 एप्रिल
पहाटेपर्यंत चालू होतं. सकाळी सगळ्या पालापाचोळ्यावर पांढरी भुकटी. साडेतीनशे फूट. पाणी दोन इंच लागलं म्हणतात.
सरपंचबाई आणि ग्रामसेवक टेप घेऊन गेले, मीही गेले. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून 340 मीटर. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, हे 1993 च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. 2009 चा भूजल कायदा 60 मीटरच्या पुढची विहीर खोल विहीर धरतो. साडेतीनशे फूट म्हणजे शंभर मीटरच्या वर.
बोअरवाला दादा आम्हाला पाहून उठला नाही. डाळिंबाच्या बागेत बसून होता. पानं करपलेली, फळं लिंबाएवढीच राहिलेली. "तीन लाख कर्ज हाय बागेवर. तुमची अट पाळली असती तर बाग गेली असती. आता तुमीच सांगा."
सरपंचबाई म्हणाल्या, "दादा, माझ्या घरी चार दिसाला हंडे भरत्यात. ते बी तूच सांग."
कोणीच काही बोललं नाही पुढे.
आपल्याकडे काळा खडक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. एकाने खोल जाऊन भेग फोडली की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिकडे उतरतं. माथ्यावर चारशे माणसांनी चर खोदून मुरवलेलं पाणी एका रात्रीत एका नळीतून वर येऊ शकतं. बोअरबंदी ही यादीतली आणखी एक अट नाही. ती नसली तर बाकीची नऊ पानं लिहूच नयेत.

24 एप्रिल
ग्रामसभेच्या तयारीसाठी मतदार यादी घेऊन वस्तीवस्तीवर. वरच्या धनगरवाडीत दारांना कुलपं. एक म्हातारी आणि दोन शाळकरी मुलं. बाकीचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेत, परततील मृगाच्या आधी.
म्हणजे 1 मेच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव होईल आणि ज्यांची मेंढरं त्या गायरानावर चरतात त्यांतलं एकही माणूस सभेत नसेल.

25 एप्रिल
म्हातारीकडून वाड्यातल्या तात्यांचा नंबर घेऊन फोन लावला. रोह्याच्या अंगाला आहेत. मागे मेंढरांचा आवाज, मधेच रेंज जात होती. तात्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प.
"ठराव आमी नसताना व्हतो, ताई. मागल्या टायमाला पण तसाच झालता, त्या शेजारच्या गावात. आमचा चुलता तवा मेंढरं इकून बिगारीला गेला."

26 एप्रिल
कार्यालयात फोन. 1 मेचा ठराव हवाच. नाहीतर प्रस्ताव पुढच्या खेपेला जाईल, आणि पुढची खेप कधी ते कोणी सांगत नाही. साहेब म्हणाले, सात नंबर सगळीकडे आहे तशीच असते, तुम्ही तेवढ्यावर अडून बसू नका.
अडायचं तर इथेच अडायला हवं.

28 एप्रिल
हरियाणातल्या सुखोमाजरीबद्दल पुन्हा वाचलं. सत्तरच्या दशकात चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत चालला होता. गाळ येत होता वरच्या टेकड्यांवरून, जिथे गावाची गुरं चरायची. मृदसंधारण तज्ज्ञ पी. आर. मिश्रा तिथे गेले. कुंपण घातलं नाही. गावाने डोंगर सोडला, बदल्यात बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, ज्याला जमीन नाही त्याचासुद्धा. त्याला नको असेल तर त्याने वाटा दुसऱ्याला द्यावा, मोबदला घ्यावा. राखण आपोआप झाली.
चराई सोडणं आणि पाणी मिळणं एकाच वाक्यात होतं. आमच्या मसुद्यात सोडणं सातव्या अटीत आहे आणि मिळणं कुठेच नाही.
कच्चं लिहिलं : बंद क्षेत्रातलं गवत कापून आधी मेंढपाळ कुटुंबांना द्यावं.

30 एप्रिल
महिलांची सभा. बायका जास्त आल्या, कारण टँकर. बोअरबंदीला एकमुखाने हो. एकीने विचारलं, आमच्याच घरच्याने बोअर घेतला तर नाव आम्हीच सांगायचं का? शेजारचीने उत्तर दिलं : "व्हय."

1 मे
झेंडावंदन, मग सभा. गणपूर्तीला शंभर माणूस लागतं, दीडशेच्या वर जमलं. करारनामा पूर्ण वाचला, एकही पान गाळलं नाही. ऊन चढलं तरी माणसं उठली नाहीत.
सातव्या अटीवर भांडण. तरुण म्हणाले, मेंढरं फिरली तर चरांच्या कडा ढासळतील, रोपं जगणार नाहीत. खरं आहे. सरपंचबाई म्हणाल्या, ज्याचं पोट त्या डोंगरावर आहे त्याला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. एक जण ओरडला, मग गेला प्रकल्प. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या."
शेवटी ठरलं : बाकी अटी मंजूर, सात नंबर राखून. मेंढपाळ आले की विशेष ग्रामसभा.
बोअरवाला दादा शेवटच्या ओळीत होता. हात वर केला नाही, विरोधही केला नाही.

3 मे
कार्यालयातून फोन. आवाज चढलेला. ऐकून घेतलं. जूनच्या दहा तारखेपर्यंत मुदत मिळाली.

7 मे
बायकांना घेऊन हिवरे बाजारला. पोपटराव पवारांच्या त्या गावात 1990 च्या दशकापासून बोअरचं पाणी शेतीला नाही. पण बायकांना सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच : दर वर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावासमोर वाचायचा आणि मग ठरवायचं रब्बीत काय पेरायचं. करार एकदा सही करून फायलीत जात नाही, दर वर्षी नव्याने गावासमोर येतो.
परतताना गाडीत सरपंचबाई : "आपल्याला बी वाचायची तारीख लिवून टाका."
लिहिली. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा.

10 मे
श्रमदान. पहाटे साडेपाच ते आठ. ए-फ्रेमने समपातळी आखली, चुन्याच्या रेघा ओढल्या. समाजमंदिराचे आजोबा आले होते. त्यांचा चर सगळ्यात सरळ.

16 मे
वणवा लागला माथ्यावर. पोरांनी झोडपून विझवला. पवन्याचे ठोंब बरेच वाचले.

19 मे
देखभाल निधीचं कलम पुन्हा लिहिलं. 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत होतं तेच प्रमाण धरलं : खाजगी जमिनीवरच्या कामात शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, लहान शेतकरी आणि अनुसूचित जाती-जमातींचा 5. पैसे जमतील. मी घातलं : सहीचे अधिकार माणसाच्या नावाने नाहीत, पदाच्या नावाने. पद बदललं की महिन्यात बँकेत बदल. कुरतडलेलं पासबुक डोळ्यासमोर होतं.

26 मे
रोहिणी. ढग आहेत, पाणी नाही. वाडे परतले.

27 मे
संध्याकाळी तात्यांच्या वाड्यावर. वाघर लावलेली, आत मेंढरं, कोकरं वेगळी डालली होती. चहा झाला. कापलेल्या गवताचं कलम वाचून दाखवलं.
तात्या काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोने, आक्कांनी, मान हलवली. "म्हशीला चालंल ते. मेंढरू दावणीला खात न्हाई. त्याला चालत चालत खायला लागतं."
मग त्याच बोलत राहिल्या. सगळा डोंगर एकदम कशाला बंद करता? तीन फाळ्या करा. चर खणलेली पहिली फाळी तीन पावसाळे बंद. ती सुटली की दुसरी. आणि गवताचं बी झडू द्या दसऱ्यापर्यंत, मग मेंढरं घातली तरी गवत मरत नाही, लेंडीने उलट वाढतं.
इतकी वर्षं पाणलोटाची प्रशिक्षणं घेतली, हे कोणी शिकवलं नव्हतं.
तात्यांनी एकच मागितलं : "ज्याच्या हिरीला पाणी वाढंल त्यानं खळं झाल्यावर आमची मेंढरं त्याच्या वावरात बसू द्यावी. खत त्याचं, चारा आमचा. पैलं व्हतंच की हे. आता समदे तारा मारत्यात."
जागेवरच लिहून घेतलं, तात्यांच्या शब्दांत.

2 जून
विशेष ग्रामसभा. मेंढपाळ कुटुंबं सगळी हजर. विहीरवाल्यांपैकी काहींनी वावर द्यायला कुरकुर केली. बोअरवाला दादा उभा राहिला : "माझ्या बागेच्या खालच्या वावरात बसवा पयली." सभा क्षणभर थांबली. मग बाकीचे बोलू लागले.
बोअर बंद करायला तो अजून तयार नाही. ग्रामसेवकांनी तहसीलकडे अहवाल धाडलाय. दोन्ही गोष्टी मी एकाच वहीत लिहिते आहे, कारण दोन्ही खऱ्या आहेत.

5 जून
साहेबांनी विचारलं, अट सात दीड पानाची कशी झाली? म्हटलं, सिमेंट नालाबांध दोन पानांचा आहे.

8 जून
मृग लागला. पाऊस नाही. टँकर चालू.

9 जून
प्रस्ताव दिला, पोच घेतली. अट क्रमांक सातमध्ये आता तीन फाळ्यांचे गट नंबर आहेत, बंदीची वर्षं आहेत, कापणीनंतर मेंढरं बसवायचा हक्क आहे, आणि खाली तात्यांची सही व आक्कांचा अंगठा आहे. भूमिहीन घरांच्या पाण्याच्या वाट्याचं कलम कार्यालयाने 'धोरणात बसत नाही' म्हणून काढायला सांगितलं. ते काढलेलं नाही. बोअरबंदीच्या स्वतंत्र हमीपत्रावर अकरा शेतकऱ्यांच्या सह्या बाकी आहेत.