बाबा, बाटली आणि लसूण

अँजिओप्लास्टीनंतर बाबांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या. सकाळचा वॉक आणि उपाशीपोटी लसणाची पाकळी. इथवर ठीक होतं. पण मग लसणाच्या कॅप्सूलची बाटली आली आणि ‘आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद’ अशी घोषणा झाली. म्हटलं, थांबा! जरा होमवर्क करते.

लसणाची केमिस्ट्री भन्नाट आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन जवळपास नसतंच. पाकळी ठेचली की अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम ते तयार करतं. तोच तो उग्र वास! लगेच गरम तेलात टाकलात, तर एन्झाइमच गारद. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवायचा, मग फोडणी. महिनोन्‌महिने मुरवलेल्या अर्कातला अँटिऑक्सिडंट हिरो वेगळा, एस-अ‍ॅलिल सिस्टीन.

पण टेस्ट ट्यूबमधला हिरो शरीरात हिट होईलच असं नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, पावडर, मुरवलेला अर्क किंवा नुसतीच डमी गोळी दिली. निकाल २००७ मध्ये आला. बॅड कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नव्हतं! शिवाय रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांसोबत लसणाच्या कॅप्सूल घेतल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि बाबा त्या गोळ्या रोज घेतात.

डॉक्टरांशी बोलणं झालं. कॅप्सूल बंद, गोळी चालू. भाकरीबरोबर लसणाची चटणी मात्र बिनधास्त! तुमच्याही घरी अशी बाटली आली असेल, तर पुढच्या व्हिजिटला ती डॉक्टरांना दाखवाच.