पडद्यावरची आई

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसाला चित्रपटातील आई इतरांहून थोडी अधिकच हळवी करते, असा माझा अनुभव आहे. कॅनॉट प्लेसमधील रीगल चित्रगृह २०१७ च्या मार्चअखेर बंद झाले. शेवटच्या दिवशी तेथे राज कपूरचे चित्रपट दाखविले गेले. ती बातमी वाचताना मला नायक आठवला नाही. आठवली ती ‘आवारा’मधील (१९५१) त्याची आई. न्यायाधीश पतीने संशयापायी घराबाहेर काढलेली, दारिद्र्यात मुलाला वाढविणारी. ती भूमिका लीला चिटणीस यांची.

लीलाबाईंचा जन्म १९०९ साली धारवाडचा. म्हणजे आम्हां दिल्लीकरांप्रमाणे त्यांचेही मराठी घर मराठी मुलखाच्या वेशीबाहेरचे. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्या स्वतः पदवीधर. लहान वयातच डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी विवाह झाला. चार मुले झाली. पुढे संसार मोडला. मुलांचे पोट भरणे भाग होते. शाळेत शिकविणे, ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगभूमीवर काम करणे, मग स्टुडिओची वाट धरणे, या साऱ्यांमागे ती निकड होती. त्या काळी सुशिक्षित घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको.

यश मात्र भरभरून आले. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत अशोककुमारांची नायिका म्हणून त्या देशभर पोहोचल्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीतही त्या झळकल्या. आणि अवघ्या सात वर्षांनी, ‘शहीद’मध्ये (१९४८), त्या दिलीपकुमारांची आई झाल्या. या मुलाहून आई तेरा वर्षांनीच वडील! पुढे ‘गंगा जमुना’मध्ये (१९६१) त्या दोन मुलांची आई झाल्या. एक मुलगा दरोडेखोर, दुसरा पोलीस अधिकारी. ‘गाईड’मध्ये (१९६५) देव आनंदची आई झाल्या. पडद्यावरची ही आई खोकते, कष्टते, मुलाची वाट पाहते. पाहणाऱ्याला ती केवळ सोशिक वाटते. मला मात्र तिच्या थकव्यात एकटीने घर ओढलेल्या बाईचा जाणतेपणा दिसतो. चार मुले हाताशी घेऊन मिळवावयास निघालेल्या स्त्रीला थकव्याचा अभिनय कोणी शिकवावा?

पण वाट पाहत बसणे लीलाबाईंच्या स्वभावातच नव्हते. त्यांनी चित्रपट निर्मिला, ‘आज की बात’ (१९५५) दिग्दर्शित केला, ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिले. आणि उतारवयात मुले अमेरिकेत स्थिरावलेली असताना त्या स्वतःच सातासमुद्रापार मुलांकडे गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी गावी एका शुश्रूषागृहात त्यांचे देहावसान झाले.

हा शेवट करुण म्हणावा काय? माझी आई दोन हिवाळे दिल्लीस राहून गेली. सकाळी गॅलरीत उन्हाला बसे. भाजीवाल्याशी मराठीतच घासाघीस करी आणि तो हिंदीत हार मानी. फाल्गुन लागला की मात्र तिला साताऱ्याची विहीर आठवू लागे, आणि मी निमूटपणे तिकीट काढी. मुलाजवळ असावे की आपल्या उंबऱ्यात, हा प्रश्न तिने अखेरपर्यंत सोडविला नाही; आणि माझ्या कचेरीतील कोणाच्याच आईने तो सोडविलेला मी पाहिला नाही.

लीलाबाईंनी तो आपल्या परीने सोडविला. धारवाडहून मुंबई, मुंबईहून डॅनबरी. जन्मभर ज्यांच्यासाठी मिळविले, त्यांच्या दिशेने त्या गेल्या. परके गाव त्यांना कधी आपले वाटले की नाही, हे मुले दूर असलेल्या कोणत्याही आईला विचारून पाहावे. ती बहुधा उत्तर देणार नाही. जेवलास का, एवढेच विचारील.